पाण्यातला प्लॅस्टिकचा चुरा यंत्र मोजेल, पण पुढचं कोण ठरवणार?

(सामुदायिक रेडिओवरून बचत गटांतल्या मैत्रिणींसाठी झालेलं भाषण)

 

गटाच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की आपण बहुतेक दोनच गोष्टी बोलतो. नळ कधी येतो आणि किती वेळ चालतो. पाण्यात काय काय आहे, हा प्रश्न मागेच राहतो. आज तोच पुढे घेऊ. त्यातही अशी एक गोष्ट, जी डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि गावातल्या तपासणीच्या पेटीतही सापडत नाही. ती म्हणजे प्लॅस्टिकचे अतिबारीक कण. शास्त्रज्ञ त्यांना मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. आपण आज सरळ प्लॅस्टिकचा चुरा म्हणू.

हा चुरा मोजायला आता कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची मदत घेतली जाते. मोबाइलमुळे हा शब्द आता घराघरात पोचला आहे. यंत्र चांगलं की वाईट, हे मी सांगणार नाही. असं यंत्र गावात येण्याआधी कोणते नियम ठरलेले असले पाहिजेत, हे सांगणार आहे. नियम ठरले नाहीत तर आकडे येतील, नकाशे येतील, आणि आपल्या घागरीतलं पाणी जसंच्या तसं राहील.

पेटीत काय दिसतं

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं. त्यात प्रत्येक गावातल्या पाच जणींना पाणी तपासायला शिकवायचं, असं ठरलेलं आहे. ऐकणाऱ्यांपैकी काही जणी त्या पाचांतल्या असतील. एफटीके किट म्हणतो ती पेटी तुम्ही हाताळली असेल. थेंब टाकायचे, रंग बदलला की तक्त्यावरच्या रंगाशी ताडायचा. नायट्रेट, फ्लोराइड, लोह, क्लोराइड, पाण्याचा जडपणा, टीसीएल टाकल्यावर उरलेलं क्लोरीन, हे सगळं त्यात कळतं. जंतू पाहायला छोटी बाटली असते, पाणी दूषित असलं की ती काळी पडते.

आपल्या जिल्ह्यात या पेटीचं मोल मोठं आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या पूर्णाकाठच्या तालुक्यांत खारपाणपट्टा आहे. तिथल्या बायांना पाणी जिभेवर ठेवलं तरी कळतं. पण नायट्रेटला चव नसते. ते पेटीच सांगते, आणि त्याची मर्यादाही कागदावर लिहिलेली आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००. त्यात नायट्रेट एका लिटरला ४५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त नको, असं स्पष्ट म्हटलं आहे. आकडा ४५ च्या वर गेला की ग्रामपंचायतीला जाब विचारता येतो.

प्लॅस्टिकच्या चुऱ्याचं तसं नाही. पेटीत त्याची बाटली नाही आणि मानकात त्याची मर्यादा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे आपल्याला लागणार आहे.

हा चुरा येतो कुठून

पहिलं ठिकाण आपलं वावर. मिरची, टरबूज, टमाटे लावताना आपण मल्चिंग पेपर अंथरतो. तो पेपर केसापेक्षाही पातळ असतो. एक-दोन हंगामांत उन्हानं त्याचे तुकडे पडतात. काढताना निम्मा हातात येतो, निम्मा मातीत राहतो आणि पुढच्या नांगरटीत आणखी बारीक होतो. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन होतं. त्या कामात बायांचेच हात जास्त. ती जाळीही प्लॅस्टिकचीच. काही वर्षांनी ती विरते आणि तिचे धागे वाऱ्यानं उडतात. ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या गोण्या, औषधाच्या बाटल्या वेगळ्याच.

दुसरं ठिकाण घर. पॉलिस्टरची साडी धुतली की तिचे बारीक धागे पाण्यासोबत नालीत जातात. शाम्पूच्या, गुटख्याच्या, कुरकुऱ्यांच्या पुड्या उकिरड्यावर पडतात. आपण त्या पेटवतो. पण प्लॅस्टिक उघड्यावर पुरतं जळत नाही. विषारी धूर निघतो आणि राखेत तुकडे उरतात. तीच राख खतात जाते.

तिसरं ठिकाण चहा. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली कागदी कप तपासले. त्या कपांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. १०० मिलीलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं त्यात ठेवलं, तर सुमारे २५,००० बारीक कण पाण्यात उतरले.

आता यानं माणसाला होतं काय? इथे मी तुम्हाला घाबरवणार नाही आणि खोटा धीरही देणार नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी मार्च २०२४ मध्ये एक अभ्यास छापला. मानेतली रक्तवाहिनी साफ करायचं ऑपरेशन झालेले २५७ रुग्ण त्यांनी पुढे सुमारे तीन वर्षं पाहिले. ज्यांच्या रक्तवाहिनीतल्या थरात प्लॅस्टिक सापडलं, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, लकवा किंवा मृत्यू यांचं प्रमाण जास्त होतं. प्लॅस्टिकमुळेच हे घडलं, असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. इटलीतच बाळंतपणात वारेमध्येही असे कण सापडले आहेत. म्हणजे चुरा शरीरात पोचतो, हे दिसलं आहे. किती पोचला की किती नुकसान, याचा हिशोब अजून लागलेला नाही. तो लावायचा तर आधी नीट मोजावं लागेल.

यंत्र मोजतं कसं

पाणी बारीक गाळणीतून गाळतात. गाळणीवर जे उरतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. कधी त्यावर असा रंग टाकतात की प्लॅस्टिक विशिष्ट प्रकाशात चमकतं. कधी त्यावर लेसरचा किरण सोडतात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून पदार्थ ओळखतात. हे काम माणसानं करायचं तर एका नमुन्याला तासन्‌तास लागतात, डोळे दुखतात. इथे एआय कामाला येतो. संगणकाला हजारो फोटो दाखवतात. हा प्लॅस्टिकचा तुकडा, हा वाळूचा कण, हा पानाचा तुकडा. दाखवून दाखवून तो शिकतो आणि मग नवा फोटो दिला की भराभर मोजतो.

आपण पोरीला डाळ निवडायला शिकवतो, तसंच हे. आधी खडा दाखवायचा, मग सोंडं किडा दाखवायचा, मग सूप तिच्या हातात द्यायचं. पण तुरीच्या डाळीवर शिकलेल्या पोरीपुढे पहिल्यांदाच तीळ ठेवले तर? ती अडखळणार. यंत्रही अडखळतं. फरक एवढाच, की पोरगी "मला कळत नाही" म्हणते. यंत्राला तसं म्हणायला मुद्दाम शिकवलं नसेल, तर ते ठोकून आकडा देऊन मोकळं होतं.

हे सगळं परदेशातलं आहे, असं समजू नका. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं २०२४ मध्ये अन्नातलं बारीक प्लॅस्टिक शोधायच्या पद्धती ठरवण्यासाठी एक प्रकल्प सुरू केला. लखनौ, कोची आणि पिलानी इथल्या संस्था त्यात आहेत. राज्य मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये शेतीसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. पिकासाठी, किडीसाठी हे तंत्र वावरापर्यंत येतंच आहे. उद्या माती आणि पाणी तपासायलाही येईल. म्हणून धोरणातल्या पाच गोष्टी आजच समजून घेऊ.

पहिली गोष्ट : चुरा कशाला म्हणायचं

ऐकायला सोपं वाटतं, पण घोळ इथूनच सुरू होतो. जगभरचे शास्त्रज्ञ साधारण ५ मिलीमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. म्हणजे ज्वारीच्या मोठ्या दाण्यापासून खाली सगळं. आपल्या देशाच्या प्लॅस्टिक कचरा नियमांत मार्च २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तिथे व्याख्या आहे १ मायक्रॉन ते १,००० मायक्रॉन. एक हजार मायक्रॉन म्हणजे १ मिलीमीटर, साधारण खसखशीचा दाणा. म्हणजे खसखशीपेक्षा मोठा आणि ज्वारीपेक्षा लहान तुकडा शास्त्रज्ञांच्या हिशोबात चुरा आहे, आपल्या नियमात नाही. आणि मल्चिंग पेपरचे तुकडे पाहिले तर डोळ्यांना दिसणारे कितीतरी नेमके याच मापाचे असतात. एक यंत्र ते मोजेल, दुसरं सोडून देईल. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर.

दुसरं उदाहरण बाटलीबंद पाण्याचं. २०१८ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अनेक देशांतलं बाटलीचं पाणी तपासलं. त्यात भारतातलंही होतं. सरासरी लिटरला ३२५ कण निघाले. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटानं लेसर आणि शिकवलेला संगणक वापरून बाटलीचं पाणी पाहिलं. लिटरला सरासरी २ लाख ४० हजार तुकडे निघाले. सहा वर्षांत पाणी सातशे पट बिघडलं का? नाही. यंत्राची नजर बारीक झाली. या वेळचे बहुतेक कण इतके लहान होते की आधीच्या पद्धतीत ते दिसणंच शक्य नव्हतं.

म्हणून आकडा सांगताना कोणत्या मापापर्यंत पाहिलं आणि कोणत्या पद्धतीनं पाहिलं, हे सोबत लिहिणं सक्तीचं असलं पाहिजे. युरोपीय संघानं मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातला चुरा मोजायची एक ठरलेली पद्धत कायद्यानं घालून दिली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०२० मध्ये आधी व्याख्या ठरवली आणि २०२२ मध्ये चार वर्षांच्या तपासणीचा आराखडा मंजूर केला. आधी माप, मग मोजणी. आपल्याकडेही हाच क्रम हवा. नाहीतर मेहकरचा आकडा आणि मोताळ्याचा आकडा शेजारी ठेवून काहीच कळणार नाही.

दुसरी गोष्ट : यंत्र कुठलं पाणी पाहून शिकलं

समुद्राच्या पाण्यातले, परदेशी नद्यांतले फोटो पाहून शिकलेलं यंत्र पैनगंगेच्या गढूळ पाण्यावर आणलं तर काय होईल? आपली काळी माती चिकट. पावसाळ्यात पाणी चहासारखं. आणि आपला जिल्हा कपाशीचा. जिनिंगच्या गावांत हवेतसुद्धा रुईचे तंतू उडतात. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा धागा आणि पॉलिस्टरचा धागा दोन्ही लांब, बारीक, गुंतलेले. चमकणारा रंगही कधीकधी पानाच्या, तेलकट पदार्थाच्या कणाला लागतो. यंत्रानं कापसाला प्लॅस्टिक म्हटलं, तर खामगाव-मलकापूरकडची गावं विनाकारण दोषी ठरतील. उलट मातीनं झाकलेला प्लॅस्टिकचा तुकडा त्यानं सोडून दिला, तर दोषी गाव सुटेल.

फोटो पाहून काय दिसतं ते कळतं, का ते नेहमी कळत नाही. लोणारच्या सरोवराचंच पाहा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. सगळ्यांनी फोटो पाहिले, तर्क केले. पण कारण कळलं ते पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत तपासल्यावर. खारटपणा वाढला की फोफावणारे सूक्ष्मजीव होते ते. तशीच सोय इथे हवी. यंत्रानं तपासलेल्या नमुन्यांपैकी ठरावीक नमुने दरवेळी प्रयोगशाळेत माणसांकडून तपासून घ्यायचे आणि यंत्र किती वेळा चुकलं, ते जाहीर करायचं. हे करारात लिहिलेलं असावं.

नमुना घेण्यातही शहाणपण लागतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत नमुना घेतला तर बाटलीचाच चुरा त्यात जाईल. नमुना घेणारीच्या अंगावर पॉलिस्टरची साडी असेल तर तिचे धागे त्यात पडतील. म्हणून प्रयोगशाळेत सुती कपडे घालतात, काचेची बाटली वापरतात, आणि एक कोरा नमुना ठेवतात. म्हणजे आधीच तपासलेलं स्वच्छ पाणी त्याच जागी तितकाच वेळ उघडं ठेवायचं आणि तेही तपासायचं. त्यात जितके कण निघाले, तितके आपल्या हातानं पडले असं समजायचं. हे काम गावातली बाई उत्तम करू शकते. पण तिला शिकवलं पाहिजे आणि तिच्या वेळेचे पैसे दिले पाहिजेत. "गावाच्या भल्यासाठी करा ना ताई" म्हणून फुकट राबवून घ्यायचं आणि यंत्राच्या कंपनीला मात्र बिल द्यायचं, हे चालणार नाही. नमुना घेणं, फोटो काढणं, कण ओळखून खूण करणं, ही त्या यंत्राची शिकवणी आहे. शिकवणाऱ्याला मानधन असतं.

तिसरी गोष्ट : आकडा आला, मग पुढे काय

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं, मानकात मर्यादाच नाही. समजा अहवाल आला, तुमच्या विहिरीत लिटरला २०० कण. हे जास्त की कमी? पाणी प्यायचं की नाही? आज याचं उत्तर कोणताही अधिकारी नियम दाखवून देऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या अहवालात सांगितलं, की पुरावा अजून अपुरा आहे, संशोधन वाढवा आणि प्लॅस्टिकचं प्रदूषण कमी करा. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. जंतू आणि रसायनं काढण्यासाठी पाणी नीट शुद्ध केलं, तर बराचसा चुराही त्यासोबतच निघतो.

याचा अर्थ आपल्यासाठी फार सरळ आहे. नवीन यंत्रासाठी जुनी तपासणी बंद पडता कामा नये. पावसाळ्यात जुलाब होतात ते जंतूंमुळे. खारपाणपट्ट्यातला त्रास क्षारांचा आहे. जलसुरक्षक टीसीएल वेळेवर टाकतो का, गावाला हिरवं कार्ड मिळालं की पिवळं की लाल, पेटीतली रसायनं संपली तर नवी कधी येतात, हे प्रश्न आजही पहिले आहेत. चुऱ्याच्या तपासणीला निधी द्यायचा तर तो वेगळा द्यावा, या कामांतून कापून नको.

चौथी गोष्ट : आधी कोणाला सांगायचं

शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये जे झालं, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. काही गावांत थोड्या दिवसांत लोकांचे केस गळून टक्कल पडलं. बाया, माणसं, पोरं, सगळेच. आधी बोट पाण्याकडे गेलं. नमुने घेतले गेले, नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. म्हणजे पाण्यात काहीतरी जास्त निघालं, तरी तेच कारण असेल असं नसतं, हे आपल्याच जिल्ह्यानं पाहिलं. आणि दरम्यान त्या गावांनी काय सोसलं? लोक बाहेर जायला कचरू लागले, सोयरिकी अडल्या, अशा बातम्या आल्या. सगळ्या राज्यात गावांची नावं झाली, ती टक्कल पडणारी गावं म्हणून.

आता विचार करा. एआयचं यंत्र लगेच आकडा देतं आणि संगणक लगेच नकाशावर लाल ठिपका टाकतो. तो ठिपका आपल्या गावावर पडला आणि कोणीतरी मोबाइलवर फिरवला. दुसऱ्या दिवशी बाजारात त्या गावची भाजी कोण घेईल? दूध कोण घेईल? बचत गटाच्या पापड-लोणच्यावर गावाचं नाव छापलेलं असतं. त्याला गिऱ्हाईक मिळेल का? तो आकडा पुढे चूक निघाला तरी ठिपका लोकांच्या मनातून पुसत नाही.

म्हणून दोन्हीकडून नियम हवा. निकाल लपवायचा नाही. आणि कच्चा निकाल उधळायचाही नाही. एका नमुन्यावरून गावाचं नाव जाहीर नको. दुसऱ्यांदा तपासून पक्का झाला की ठरावीक दिवसांच्या आत तो आधी त्या गावच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवायचा. हे पाणी प्यायचं का, पर्याय काय, पुढची तपासणी कधी, हे सोबत सांगायचं. मग तो सगळ्यांना खुला करायचा. आणि ही माहिती कोणाची, हेही लिहिलेलं असावं. करार संपल्यावर कंपनी निघून गेली आणि आपल्या विहिरींचे आकडे तिच्याच संगणकात राहिले, असं होऊ नये. नमुना घेणाऱ्या बाईचं नाव, मोबाइल नंबर, तिच्या घराची जागा हे सगळं अ‍ॅपमध्ये भरून घेतात. ते कशाला हवं आणि कोण पाहणार, हे विचारायचा तिला हक्क आहे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा गाभा तोच आहे.

पाचवी गोष्ट : निस्तरायचं कोणी

मोजणी झाली, निकाल पक्का झाला, चुरा आहे. आता कोणाला धरायचं? २०१६ च्या नियमांनी गावातल्या प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी पॅकिंगचं प्लॅस्टिक बनवणाऱ्या, वापरणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करायची जबाबदारी टाकली. शाम्पूची पुडी त्यात येते. पण मल्चिंग पेपर, शेडनेट, ठिबकची नळी हे पॅकिंग नाही. त्यामुळे ते या व्यवस्थेच्या बाहेर राहतात. एका हातानं सरकार मल्चिंगला, शेडनेटला अनुदान देतं, आणि ते फाटल्यावर कुठे न्यायचं हे अनुदानाच्या कागदावर नसतं. शेतकरी ते बांधावर पेटवतो किंवा नांगरतो, कारण दुसरी वाट त्याला दिलेलीच नाही.

इथे यंत्राचा मोठा धोका आहे. ज्याच्या वावराजवळ कण सापडले, त्याला दंड करणं सोपं आहे. ज्यानं तो पेपर विकला, त्याला विचारणं अवघड आहे. मोजणीचं धोरण आणि परत गोळा करायचं धोरण जोडीनं आलं नाही, तर यंत्राचा आकडा सगळ्यात शेवटच्या माणसाच्या, बहुतेक वेळा बाईच्या, डोक्यावर पडेल. अनुदान देतानाच जुना पेपर, जुनी जाळी परत घेण्याची अट दुकानदार आणि कंपनीवर घालावी, ही आपली मागणी असायला हवी. आणि एक सोय कागदावर आधीच आहे. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण टप्प्यात प्रत्येक तालुक्यात प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापनाचं एक केंद्र उभं करायचं आहे, त्यासाठी तालुक्याला १६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे, चालू आहे का, शेतातलं प्लॅस्टिक ते घेतं का, हे विचारायला कोणतंही यंत्र लागत नाही.

आपण काय करायचं

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची, हा महाराष्ट्रातला नियम आहे. पुढच्या महिला ग्रामसभेत हे प्रश्न लिहून न्या. तोंडी विचारू नका, अर्जावर लिहा आणि पोच घ्या.

पाणी तपासायची पेटी आपल्या गावात आहे का, तिच्यातली रसायनं मुदतीतली आहेत का? शेवटचा निकाल काय होता आणि तो कुठे लावला आहे? तालुक्याचं प्लॅस्टिक केंद्र आपल्या गावचा कचरा कधी नेतं? शेतातल्या प्लॅस्टिकसाठी काय सोय आहे? आणि उद्या कोणी पाण्यातला प्लॅस्टिकचा चुरा मोजायला यंत्र घेऊन आलं, तर पाच गोष्टी लेखी द्या म्हणावं. काय मोजणार, यंत्र कुठे शिकलं, आकड्याचा अर्थ काय, आधी कोणाला सांगणार, आणि निस्तरणार कोण. गावाचा ठराव झाल्याशिवाय नमुना देऊ नये, असंही ग्रामसभा ठरवू शकते.

घरापुरतं थोडं आपल्याही हातात आहे. गटाच्या बैठकीला स्टीलचे पेले ठेवा, कागदी कप नको. गरम वरण, गरम चहा पिशवीत बांधून नेऊ नका. प्लॅस्टिक पेटवू नका. मल्चिंग पेपर काढताना ओल असताना काढा, तेव्हा तो कमी फाटतो. एका गोणीत भरून ठेवा, गटाच्या सगळ्या जणींच्या गोण्या एकत्र झाल्या की तालुक्याच्या केंद्राला किंवा भंगारवाल्याला विचारता येतं. यानं चुरा संपणार नाही, पण आपल्या वावरात नवा पडायचा थोडा कमी होईल.

मैत्रिणींनो, पाच जणींनी पेटी शिकून घेतली तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं की रसायनाचं काम बायांचं नाही. या यंत्राचंही तसंच आहे. ते आतून कसं चालतं हे सगळं कळलं नाही तरी चालेल. त्याला कोणते प्रश्न विचारायचे, हे कळलं पाहिजे. तुमच्या गटात या विषयावर बोलणं झालं, महिला ग्रामसभेत अर्ज दिला, तर काय उत्तर मिळालं ते आम्हाला जरूर कळवा. ते उत्तर आपण इथेच सगळ्यांना ऐकवू.